विमानाच्या वाटेत घाट लागतो का? मुंबई–न्यूयॉर्कचं अंतर आणि वेळ

ऐरोलीची लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझी आई ७१ वर्षांची आहे. माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं, आणि सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. पुढच्या महिन्यात ती माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघाली आहे, एकटी. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट तिकीट काढलंय, परत यायचं ते उन्हाळा लागल्यावर. आजवर विमानात बसली ती एकदाच, नागपूरच्या लग्नाला.

तिकीट हातात पडल्यावर तिने ते गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं बोट ठेवून वाचलं. जाताना सोळा तास, येताना साडेचौदा. मला म्हणाली, "अगं, अप आणि डाउनमध्ये दीड तासाचा फरक? अंतर तेच, गाडी तीच. मध्ये घाट लागतो का?" कर्जतपुढे चढावर गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, उतारावर तशी गरज नसते, हे तिच्या डोक्यात.

मला उत्तर देता आलं नाही. नेटवर शोधलं तर गोंधळ वाढला. एका ठिकाणी अंतर १२,५४० दिलंय, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. वेळ कुठे १४ तास, कुठे १६. आणि नकाशावर सरळ पश्चिमेला जायचं सोडून विमान वर युरोपाकडे का वळतं, हेही कळेना.

आई घाबरलेली नाही. तिचं म्हणणं एवढंच: "कुणी नीट समजावलं तर मी डोळे उघडे ठेवून बसेन. नाहीतर बसेनच, पण डोळे मिटून." मला ती डोळे उघडे ठेवून बसायला हवी आहे. जाणकारांनी मदत करावी.

रात्रपाळी

ताई, फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम करतो, कोपरखैरण्याला राहतो. विमान निघण्याआधी वाट, इंधन आणि वेळ यांचा हिशेब आम्ही लोक करतो. आधी आकड्यांचं बघू, ते सोपं आहे.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. १२,५४० हे किलोमीटर, ७,७९० मैल आणि ६,७७० सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. वैमानिक आणि आम्ही त्यातच बोलतो. ज्या पानावर एकक बारीक अक्षरात असतं तिथे हा घोळ हमखास होतो.

पण त्या आकड्यात एक गोम आहे. ते पृथ्वीच्या पाठीवरून दोन विमानतळांमधलं कमीत कमी अंतर. विमान कधीही नेमकं तेवढंच उडत नाही. माझ्यासमोर जी वाट येते ती बहुतेक वेळा यापेक्षा काहीशे किलोमीटरने लांब असते. वेळ दाखवणारी बरीच पानं तर या अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात आणि वर अर्धा तास चढवतात. १२,५४० भागिले ९००, अधिक अर्धा तास. झाले चौदा तास आणि वर काही मिनिटं. त्यात ना वारा धरलाय, ना एखाद्या देशाने बंद केलेल्या आकाशामुळे पडणारा वळसा, ना धावपट्टीकडे रांगेत गेलेली वीस मिनिटं. म्हणून आईंना सांगा, तिकिटावरचा सोळा तासांचा आकडा खरा धरा.

घाटाचं उत्तर रात्री लिहितो, आता शिफ्ट आहे.

भूगोलाच्या बाई

लेकी, विमान वर का वळतं ते मी सांगते. ठाण्यात महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं आणि दर वर्षी वर्गातून हाच प्रश्न यायचा.

घरात पृथ्वीगोल आहे का? नसेल तर नातवंडाचा, शेजारच्यांचा आणा. माझ्याकडे शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेला आहे, ३० सेंटीमीटर व्यासाचा. तुझा प्रश्न वाचून काल रात्री तो खाली काढला, धूळ पुसली आणि गोधडीचा जाड दोरा घेतला. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा ढिला होता तोवर अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असा आडवा पसरला होता. मग हळूहळू ताणत गेले. ताणला तसा तो गोलावरून आपोआप उत्तरेला सरकला. मी ढकलला नाही, त्याची जागा त्यानेच शोधली. पूर्ण ताणल्यावर कुठून गेला ते लिहून ठेवलंय: कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, रशिया, फिनलंडचं आखात, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलँडचं रेक्याविक, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटून, मग कॅनडा आणि खाली न्यूयॉर्क. मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ च्या आसपास, आणि दोरा मध्ये जवळजवळ ६५ अंशांवर चढतो!

मग दोरा फूटपट्टीवर ठेवला. साडेएकोणतीस सेंटीमीटर. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करून बघ, तुझे साडेबारा हजार येतात.

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर याच दोन शहरांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारली, आणि विमान त्या रेघेवरून नेलं, तर १४,२०० किलोमीटर पडतात. सरळ दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरने लांबची आहे. कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरायची तर उत्तरेकडचा भाग ओढून रुंद करावा लागतो. ग्रीनलंड त्यामुळेच एवढं अवाढव्य दिसतं. नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर ताठ असते.

आईंच्या हातात दोरा द्या. सांगू नका, त्यांनाच ताणू द्या.

घोडबंदरवासी

बाई, गोलाचा प्रयोग झकास. संध्याकाळी मुलीबरोबर करणार.

वेळेच्या फरकाबद्दल मला वाटतं ते सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना खालची जमीन सरकते, म्हणून एका दिशेने वेळ कमी लागतो. असंच असतं ना?

भूगोलाच्या बाई

नाही हो, पण हा समज इतका सर्वदूर आहे की विचारलंत ते फार बरं झालं.

तुमचाच विचार पुढे नेऊन बघा. मुंबईच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५८० किलोमीटरने फिरते. विमानाखालून ती खरंच सरकत असती तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाकडे न्यूयॉर्क स्वतःच धावत आलं असतं. म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात उलट आहे, जातानाच जास्त लागतो.

हवा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या लोकलमध्ये बंद डब्यात चेंडू वर उडवला तर तो हातातच पडतो, मागच्या बाकावर जात नाही. तसं विमानाचं. फरक पडतो तो हवेच्या आतल्या वाऱ्यामुळे. तो भाग रात्रपाळीवाले दादा सांगतील, त्यांचा रोजचा संबंध.

रात्रपाळी

शिफ्ट संपली. ताई, आईंना सांगा, हो, घाट लागतो. वाऱ्याचा.

आमची विमानं उडतात त्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे आहेत. जेट स्ट्रीम म्हणतात. नदीसारखे, अरुंद आणि नागमोडी. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग तिथे नेहमीचा. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या तापमानातला फरक हे त्यांचं बळ, त्यामुळे थंडीत जोर वाढतो. तुमच्या आई थंडीतच जातायत, म्हणजे चढ चांगलाच लागणार.

हिशेब करून दाखवतो. समजा प्रत्यक्ष वाट १३,३०० किलोमीटरची. विमान हवेतून ताशी ९०० ने जातं, जाताना येताना तेवढंच. समोरचा वारा सगळ्या वाटेची सरासरी काढून ताशी ५० चा धरला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ८५०. लागले १५ तास ४० मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९५०, वेळ १४ तास. वारा फक्त पन्नासचा धरलाय, तरी पावणेदोन तासांच्या जवळपास फरक पडला. इंजिनाची ताकद, वैमानिकाचं कौशल्य, विमान, सगळं तेच.

८–९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री अटलांटिकवर वादळ होतं. त्या वाऱ्यावर बसून एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

आईंना रेल्वेचं आवडतं म्हणून एक खास गोष्ट. अटलांटिकच्या मधल्या भागावर पूर्वेला जाणाऱ्या आणि पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचे 'रूळ' रोज नव्याने आखले जातात. कॅनडातलं गँडर आणि युरोपाच्या बाजूचं शॅनविक ही दोन केंद्रं दुसऱ्या दिवसाचा वारा बघून वाटा जाहीर करतात. अमेरिकेकडे जाणाऱ्या वाटा मुख्य वाऱ्याला बगल देऊन काढतात, युरोपाकडे येणाऱ्या वाटा मुद्दाम वाऱ्यात घालतात. म्हणजे अप आणि डाउन लाइन रोज उखडून नव्याने टाकायची. म्हणून जातानाची आणि येतानाची वाटही एक नसते. 'अंतर तेच' हे आईंचं गृहीतकच पूर्ण खरं नाही.

पारसिककर

+१. इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

भूगोलाच्या बाई

या वाऱ्यांबद्दल एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९२० च्या दशकात जपानमध्ये तातेनोच्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी फुगे सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढून हे वरचे वारे मोजले. जगाने वाचावं म्हणून १९२६ साली निष्कर्ष एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापले. ती भाषा वाचणारे थोडे, म्हणून काम दुर्लक्षित राहिलं. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकी वैमानिकांना ते वारे प्रत्यक्ष भोवले तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दर वेळी वाईट वाटायचं. इतक्या मेहनतीने केलेलं काम, आणि वाचणारं कुणी नाही.

जुना नौपाडकर

छान चर्चा. थोडं जुनं सांगतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली. ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. आजचं विमान वरच्या उंचीवर तेवढं अंतर सव्वादोन मिनिटांत कापतं. पण वाफेच्या गाडीला वाटेत पाणी घ्यावं लागायचं, तशी विमानांनाही दम खायची सवय फार काळ होती. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. १९६० साली बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्क सुरू झालं, तेही टप्प्याटप्प्याने. माझे मोठे बंधू सत्तरच्या दशकात शिकायला गेले तेव्हा आम्ही सांताक्रूझला पोहोचवायला गेलो होतो. वडिलांनी पोहोचल्याची तार यायची वाट बघत तीन दिवस धड जेवण केलं नाही. ती तार अजून माझ्या कपाटात आहे, 'रीच्ड सेफली' एवढे दोनच शब्द.

आज एका दमात सोळा तास. ताई, आई पोहोचल्या की इथे लिहा.

उलवे सेक्टर

आमच्याकडे नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली. पुढे कधी इथून अमेरिकेला थेट सुटलं तर वेळ कमी लागेल का? आमच्या सोसायटीत यावरून दोन गट आहेत.

रात्रपाळी

हवेतला वेळ? नाही. सहार आणि नवी मुंबई विमानतळ यांच्यात सरळ रेषेत जेमतेम २४ किलोमीटर अंतर आहे. साडेबारा हजारांत ते कुठेच दिसत नाही, दीड-दोन मिनिटांचा खेळ. वाचेल तो घर ते विमानतळ हा वेळ, आणि पनवेल, उलवे, बेलापूरच्या माणसाला तो तास-दीड तासही असू शकतो. माणसाला प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजायचा असतो, त्यामुळे तुमच्या सोसायटीतले दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर.

ताई, तुमचं सहारहून आहे. ऐरोली पूल, मुलुंड, पवईवरून यायचं तर रात्रीचीसुद्धा दीड तास धरून निघा. आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोहोचायचं. व्हीलचेअर हवी असेल तर आधी नोंदवा, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं.

खाडीपलीकडची

दादा, एक विचारू? बाईंच्या दोऱ्यावर सिंध आणि अफगाणिस्तान आलं. पण पाकिस्तानचं आकाश तर बंद आहे ना?

रात्रपाळी

अगदी मुद्द्याचं विचारलंत. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, आपणही काही दिवसांत त्यांना बंद केलं, आणि मग मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. २०१९ मध्येही फेब्रुवारी अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. दिल्लीवाल्यांना याचा फटका मोठा, कारण त्यांच्या पश्चिमेच्या सगळ्या वाटा त्याच दारातून जायच्या. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईला समुद्र आहे. सरळ अरबी समुद्रावर निघायचं, ओमानकडून आत शिरायचं. वळसा पडतोच, पण थांबावं लागत नाही. रशियाचं तसंच: २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना ते आकाश बंद, भारतीय कंपन्यांना उघडं. त्यामुळे एकाच दोन शहरांसाठी दोन कंपन्यांची वाट वेगळी असू शकते.

मग 'वळसा पडला तर भरा जास्त इंधन' असं वाटतं. ते इतकं सोपं नाही. या वाटेवर बोइंग ७७७-३०० ईआर चालतात. टाकी काठोकाठ भरली तर १ लाख ८१ हजार लिटर मावतं, वजन सुमारे १४५ टन. अख्खं विमान भरून जास्तीत जास्त ३५१ टनांपर्यंत उडू शकतं. म्हणजे निघताना दर अडीच किलोत एक किलो इंधन! आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. म्हणून विमान सुरुवातीला थोडं खालून उडतं आणि जसजसं हलकं होतं तसतसं दोन-दोन हजार फुटांच्या पायऱ्या चढत वर जातं. आईंना खिडकीतून जाणवणार नाही, पण समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा बदलताना दिसेल. बघायला सांगा.

घोडबंदरवासी

मी थेट विमानाच्या बाजूचा आहे, का ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांना आखातातून बदलून जाणारं तिकीट काढलं. कागदावर सगळं उत्तम होतं. मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, म्हणजे थेट अंतराहून फक्त चारशे जास्त. पैसेही वाचत होते. मधे वेळ होता एक तास दहा मिनिटं. पहिलंच विमान पन्नास मिनिटं उशिरा पोहोचलं आणि पुढचं गेलं. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह, इंग्रजी बेताचं. अकरा तास एका खुर्चीत बसून होते. फोन लागला तेव्हा पहिलं वाक्य, "अरे, इन्सुलिन मोठ्या बॅगेत राहिलं." ती बॅग विमानाच्या पोटात. मी इथे घोडबंदरला बाल्कनीत उभा, हातात काही नाही. तिथल्याच एका मलयाळी मुलाने धावपळ करून विमानतळाच्या दवाखान्यात नेलं. त्याचं नावही विचारायचं राहिलं, आजही रुखरुख आहे.

अंतराच्या तक्त्यात हे तास दिसत नाहीत. ज्येष्ठांना बदलाचं तिकीट काढायचंच असेल तर मधे किमान तीन तास ठेवा, आणि औषधं, चष्मा, चिठ्ठी सगळं हातातल्या पिशवीत.

खाडीपलीकडची

वाचून काटा आला. इन्सुलिन तसंही खालच्या सामानात टाकू नये, तिथे गोठून खराब होऊ शकतं. मी परिचारिका आहे म्हणून आणखी थोडं लिहिते. गोळ्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे नाही, तर दोन गोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे धरायच्या असतात, आणि हे गणित घरच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सोळा तास पाय लोंबकळत राहिले की पोटऱ्यांत गुठळी व्हायचा धोका वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून चालायचं, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायची. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहायचं. आपल्या आया संडासला जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, तेवढं मात्र करू देऊ नका. बाहेरच्या बाजूची सीट घ्या, म्हणजे उठायला संकोच नको.

ऐरोलीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवारी शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणला. आईने दोरा ताणला. उत्तरेला सरकला तेव्हा हात थांबवून म्हणाली, "अगंबाई, हा बघ निघाला." तीनदा करून बघितलं.

पण एक नवी शंका. तिकिटावर सुटायची वेळ रात्री दीड, पोहोचायची सकाळी सात, तारीख तीच. "म्हणजे साडेपाचच तास की," म्हणाली. मी साडेदहा तासांचा फरक मिळवून दाखवला. मग येतानाच्या तिकिटावर तोच हिशेब केला तर एक तास चुकतोय.

रात्रपाळी

चुकत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. थंडीत आपण न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे, उन्हाळ्यात साडेनऊ. येतानाच्या तिकिटाला साडेनऊ धरा, जुळेल. आईंना एक सोपा उपाय: मनगटावरचं घड्याळ पोहोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवायचं. प्रवासाचे तास तरच खरे कळतात.

ऐरोलीची लेक

(साडेचार महिन्यांनी)

मंडळी, धागा वर आणतेय. आई परवा परत आली. भाचीच्या बाळलेण्यांपासून सगळं सांगून झालं, आणि मग पिशवीतून एक वही काढली. शंभर पानी, रेघांची, ठाण्याहूनच नेलेली. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा लावून तिने स्टेशनं लिहिली आहेत. तिच्या अक्षरात, भारतीय वेळेत, जशीच्या तशी उतरवते:

"१.३८ गाडी हलली. १.५८ जमीन सुटली. ३.५० मस्कत, दिवे दिसले. ५.१५ रियाध. चहा दिला, गार. ७.४० अंकारा, बाहेर अजून काळोख. ९.५५ प्राग. बाहेर उणे ५४. ११.३० एडिनबरा. वेग ७८८, घाट लागला. उंची बदलली, ३४ हजारची ३६ हजार. चार वेळा उठून चालले. ५.४१ टेकली. ५.५४ थांबली."

१६ तास १६ मिनिटं, त्यातले हवेत १५ तास ४३ मिनिटं.

मागच्या पानावर परतीचा प्रवास. त्यात स्टेशनं कमी आहेत, झोप लागली होती म्हणाली. पण अटलांटिकवरचा वेग लिहिलाय, १,०७४, आणि पुढे 'उतार'. हवेतला वेळ १३ तास ५२ मिनिटं.

बाई, तुमच्या दोऱ्याचा तुकडा वहीत चिकटवलाय. नौपाडकर काका, ती पोहोचल्याबरोबर मी तुम्हाला लिहायला हवं होतं, बाळाच्या गडबडीत राहिलं, माफ करा. घोडबंदरवासी, गोळ्या तिने शेवटपर्यंत हातातल्या पिशवीतून सोडल्या नाहीत.

रात्रपाळी दादा, तिचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. "वारा रोज सारखा नाही, वाट रोज सारखी नाही, तर मग तिकिटावर वेळ छापतात कशाच्या आधारावर?"

जुना नौपाडकर

माफी कसली. पोहोचल्या, आल्या, आणि वही लिहिली. बरं वाटलं.

भूगोलाच्या बाई

त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवशील का गं? माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंना दाखवायचा आहे, आठवीच्या वर्गासाठी.

रात्रपाळी

आईंना नमस्कार सांगा. हा प्रश्न आमच्याकडे नव्याने लागलेली मुलंसुद्धा विचारत नाहीत.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळ्याचं लागतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी थंडीचं. प्रत्येक मोसमासाठी मागच्या वर्षांच्या उड्डाणांच्या नोंदी बघतात: या दिवसांत या वाटेवर, एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंत, प्रत्यक्षात किती लागले. त्यातून असा आकडा निवडतात की बहुतेक दिवशी विमान त्याच्या आत पोहोचावं. म्हणून वारा नरम असला की विमान वीस मिनिटं लवकर उतरतं, आणि जोरात असला की आईंच्यासारखं पंधरा-वीस मिनिटं उशिरा. रोजचा खरा हिशेब मात्र निघण्याच्या काही तास आधी होतो, त्या रात्रीचा वारा हातात आल्यावर.

ऐरोलीची लेक

वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे रेल्वेसारखंच की. आमच्याकडेपण लांबच्या गाड्यांना शेवटच्या स्टेशनाआधी जास्तीची मिनिटं पेरलेली असतात."